शून्य क्रमांकाची लॉज

'फ्रीमेसन' हा शब्द ऐकला की आपल्या मनात बंद दारे, गूढ खुणा आणि कानगोष्टी उभ्या राहतात. या लेखात मला त्या गूढतेकडे वळावयाचे नाही. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला कुतूहल वाटले ते एका साध्या प्रश्नाचे. स्कॉटलंडमधील किलविनिंग या लहानशा गावातील लॉजचा क्रमांक शून्य का? संस्थांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक असतात. शून्य हा क्रमांक कोणी मागून घेत नाही. या शून्यामागे दीर्घकाळ चाललेला एक वाद दडलेला आहे, आणि तो वाद 'पुरावा म्हणजे काय?' या आपल्या विषयाच्या मूळ प्रश्नाशी येऊन भिडतो.

गवंड्यांची संघटना

किलविनिंग हे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील एअरशर प्रांतातील, गारनॉक नदीकाठचे गाव. बाराव्या शतकात येथे ख्रिस्ती साधूंचा एक भव्य मठ उभारला गेला. १५६० मधील धर्मसुधारणेनंतर त्याची वाताहत झाली व आज त्याचे अवशेषच उरले आहेत. हा मठ बांधण्यासाठी परदेशांतून आलेल्या कारागिरांनी येथे पहिली लॉज स्थापन केली, अशी गावाची परंपरागत श्रद्धा आहे. तिला समकालीन कागदाचा आधार नाही.

'लॉज' म्हणजे मुळात बांधकामाच्या जागी पाथरवटांनी उभारलेली खोप. तेथे दगड घडवायचे, हत्यारे ठेवायची, जेवायचे, विसावायचे. पुढे त्या खोपीत बसणाऱ्या मंडळींच्या संघटनेलाच ते नाव मिळाले. फ्रीमेसनांचे बोधचिन्ह असलेले गुण्या आणि परकार ही गवंडीकामाचीच साधने होत.

या संघटनांचा कारभार कसा चाले, हे राजा सहावा जेम्स याचा बांधकामप्रमुख विल्यम शॉ याने २८ डिसेंबर १५९८ रोजी काढलेल्या नियमावलीवरून कळते. उमेदवाराने किमान सात वर्षे शिकावे. एका उस्तादाने संमतीशिवाय आयुष्यात तीनांहून अधिक उमेदवार घेऊ नयेत. दुसऱ्याने धरलेले काम कोणी हिरावून घेऊ नये. रीतसर न शिकलेल्या गवंड्याबरोबर काम करू नये. आणि परांची नीट, भक्कम बांधावी, म्हणजे कामावरच्या माणसाला इजा होणार नाही. ही कलमे वाचताना मला वाटले, की येथे गूढ असे फारसे काही नाही. येथे आहे ती पोटाची काळजी, धंद्याची अब्रू आणि उंचावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाची चिंता.

पहिला कोण?

किलविनिंग लॉजची उपलब्ध इतिवृत्ते १६४२ पासून सुरू होतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्यात एक बदल घडू लागला. हातात छिन्नी न धरलेले उमराव सभासद होऊ लागले, अधिकारपदेही भूषवू लागले. हळूहळू कारागिरांची संघटना सभ्य गृहस्थांचे बंधुमंडळ बनत गेली. गवंड्याची हत्यारे सदाचाराची प्रतीके झाली आणि प्रत्यक्ष गवंडी मात्र मागे पडला. १६७७ मध्ये किलविनिंगने एडिंबरोजवळच्या कॅननगेट येथील मंडळींना आपल्या नावाने सभासद करून घेण्याची परवानगी दिली. अशा रीतीने एका खेडेवजा गावाची लॉज इतर लॉजांची 'माता' होऊ लागली.

१७३६ मध्ये एडिंबरो येथे स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजची, म्हणजे मध्यवर्ती मंडळाची, स्थापना झाली. तिचा पहिला प्रमुख विल्यम सेंट क्लेअर हा याच कॅननगेट किलविनिंग लॉजचा सभासद होता. सर्व लॉजांची यादी करावयाची, तर क्रम कसा लावायचा? ज्याचा कागद जुना तो आधी, असे ठरले. एडिंबरोच्या 'मेरीज चॅपल' लॉजपाशी १५९९ ची इतिवृत्ते होती. किलविनिंगपाशी १६४२ ची. अर्थात किलविनिंगला दुसरे स्थान मिळाले. मठाच्या काळापासूनची आपली परंपरा सांगून गावाने तक्रार केली, परंतु १७४३ मध्ये ती फेटाळली गेली. तेव्हा किलविनिंगने मध्यवर्ती मंडळाशी संबंध तोडले आणि पुढे साठांहून अधिक वर्षे आपला कारभार स्वतंत्रपणे चालविला. या काळात तिने स्कॉटलंडमध्येच नव्हे, तर अमेरिकेतील व्हर्जिनियासारख्या दूरच्या प्रदेशातही लॉजांना सनदा दिल्या.

शेवटी १८०७ मध्ये समेट झाला. किलविनिंगचे नाव क्रमांकाविना यादीच्या शिरोभागी लिहावे, आणि तिने आपल्या कन्या-लॉजांसह मध्यवर्ती मंडळात परत यावे, अशी तडजोड निघाली. मेरीज चॅपलचा पहिला क्रमांक कायम राहिला आणि त्याच्याही वर मातेला जागा मिळाली. तीच पुढे 'शून्य क्रमांक' म्हणून प्रसिद्ध झाली.

पेटीतला कागद

या कथेतील खरी गंमत पुढेच आहे. पुढे किलविनिंगजवळच्या एग्लिंटन वाड्यातील दस्तऐवजांच्या पेटीत विल्यम शॉ याची १५९९ ची दुसरी नियमावली सापडली. ती मुख्यतः किलविनिंगसाठीच लिहिलेली होती. किलविनिंगची लॉज १५९९ पूर्वीच प्रतिष्ठित होती, ही गावाची गोष्ट तिने सिद्ध केली. पण त्याच कागदाने स्पष्ट सांगितले, की एडिंबरो पहिली, किलविनिंग दुसरी व स्टर्लिंग तिसरी! दुसरीकडे त्यातच किलविनिंगला 'प्रमुख व दुसरी' लॉज असेही म्हटले आहे. म्हणजे ज्या कागदासाठी गाव तळमळत होते, तो हाकेच्या अंतरावर पडून होता. आणि भांडणाच्या वेळी तो मिळता, तर गावाचे म्हणणे निम्मे खरे आणि निम्मे खोटे ठरले असते.

बंधुत्वाचा पल्ला

याच एअरशरमधील टारबोल्टन गावी कवी रॉबर्ट बर्न्स १७८१ मध्ये फ्रीमेसन झाला. शेतकऱ्याचा हा मुलगा पुढे तेथील एका लॉजचा उपप्रमुखही झाला. त्याच्याच घराण्यातील डॉ. जेम्स बर्न्स हे मुंबई इलाख्यात वैद्यकीय अधिकारी होते आणि पश्चिम भारतातील स्कॉटिश लॉजांचे प्रमुखही होते. त्यांनी १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज स्थापन केली, ती भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून. माणकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ तिच्याशी निगडित होते. 'सर्व माणसे बंधू' असे म्हणणाऱ्या संस्थेत भारतीयांसाठी वेगळी लॉज काढावी लागते, यातच त्या बंधुत्वाची मर्यादाही दिसते आणि ती ओलांडण्याचा प्रयत्नही दिसतो. स्त्रियांना तर या लॉजांचे दार बंदच राहिले.

आपल्यासाठी बोध

किलविनिंगच्या इतिहासातून मला दोन गोष्टी शिकावयास मिळाल्या. परंपरा ही पुरावा नव्हे. परंतु ती पुराव्याचा पत्ता सांगू शकते. म्हणून तिची टिंगल करू नये आणि तिच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नये. दुसरे असे, की संस्थेची थोरवी तिच्या प्राचीनतेवरून ठरविण्याचा मोह फार चिवट असतो. आपल्या गावातील तालमी, भजनी मंडळे, वाचनालये, गणेशोत्सव मंडळे यांच्यातही 'आधी कोण?' यावरून वाद रंगतात. ते रंगोत बापडे. आपण इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मात्र त्या संस्थांची कपाटे उघडून पाहावीत. जमाखर्चाच्या वह्या, सभांची टिपणे, वर्गणीच्या पावत्या वाळवीच्या आधी आपल्या हाती येतील असे पाहावे. कोणी सांगावे, एखादा तंटा मिटविणारा कागद आपल्याच गावच्या एखाद्या पेटीत पडलेला असेल. आणि तो आपल्या मनासारखेच बोलेल असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.