स्टेशनांची पाटी

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. आम्ही ठाकूरद्वारला राहतो. अभ्यासाला बसत नाही, लोकलची स्टेशनं मात्र तोंडपाठ. कसं शिकवू?

उत्तर : ताई, त्या स्टेशनांपासूनच सुरुवात करा. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड अशी कार्डं बनवा. वाचन, क्रम, बेरीज-वजाबाकी त्यांवरच घ्या. दिवसाचा क्रमही चित्रांनी भिंतीवर लावा. बोललेलं विरून जातं, चित्र समोर राहतं. अमेरिकेत एरिक शॉप्लर यांनी रुजवलेल्या ‘टीच’ पद्धतीत यावरच भर आहे. गणपतीत ढोल वाजले की त्याने कान झाकले, तर कृपा करून रागावू नका. तो आवाज त्याला खरोखर सोसत नसेल. विसर्जनाच्या दिवशी अभ्यास नकोच. शाळेने हात झटकले तर २०१६चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा, त्यात स्वमग्नतेचा समावेश आहे.