ठेवीतून कर्ज, कर्जातून उद्योग



महाराज बाड्यावरून जाताना स्टेट बँकेची इमारत तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. घरातली मोठी माणसे बँकेत पैसे ठेवतात, हेही तुम्हाला माहीत आहे. पण ठेवलेला पैसा पुढे जातो कुठे? आणि एखाद्याला नवे दुकान किंवा छोटा कारखाना काढायचा असेल, तर त्याला भांडवल मिळते कुठून? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि आपल्या ग्वाल्हेरच्या इतिहासातून ती चांगली समजतात.

पेढी आणि बँक

ग्वाल्हेर संस्थानात ‘दुकान पिछाडी’ नावाची महाराजांच्या मालकीची एक सावकारी पेढी होती. माधवराव महाराज शिंदे यांच्या आश्रयाने 1916 साली तिची बँक झाली. तिचे नाव कृष्णराम बलदेव बँक. पुढे 1970च्या दशकात ही बँक स्टेट बँकेत विलीन झाली.

पेढी मुख्यतः मालकाचा पैसा व्याजाने देते. बँक हजारो लोकांच्या ठेवी गोळा करून त्यातून कर्ज देते. सावकार ओळखीच्या माणसाला किंवा सोने-जमीन गहाण ठेवणाऱ्याला पैसा देतो. ज्याच्या अंगी कसब आहे पण घरी पैसा नाही, असा माणूस दारातच राहतो. बँकेने धंद्याचा हिशेब तपासून अनोळखी माणसावरही विश्वास टाकावा, अशी अपेक्षा असते. विकसनशील देशात अशी माणसे फार असतात, म्हणून तेथे बँकेच्या कर्जाला एवढे महत्त्व आहे.

शंभर रुपयांचा हिशेब

बँकेला सर्व ठेवी कर्जाऊ देता येत नाहीत. काही भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो (रोख राखीव प्रमाण). काही भाग मुख्यतः सरकारी कर्जरोख्यांत गुंतवावा लागतो (वैधानिक तरलता प्रमाण). आता हे गणित पाहा.

1991 साली ही प्रमाणे 15 टक्के आणि 38.5 टक्के होती. म्हणजे 100 रुपयांच्या ठेवीतले 53 रुपये 50 पैसे आधीच बाजूला जात. उद्योग, शेती, व्यापार आणि घरे या सर्वांसाठी उरत 46 रुपये 50 पैसे. त्याच वर्षी नरसिंहम समितीने ही प्रमाणे कमी करावीत अशी शिफारस केली. ती टप्प्याटप्प्याने उतरली आणि नोव्हेंबर 2025 अखेर 3 टक्के व 18 टक्के झाली. आता 79 रुपये उरतात. सरकारने बँकांकडून कमी घेतले की खासगी उद्योगाला वाव मिळतो, हा याचा अर्थ.

तरीही खासगी क्षेत्राला मिळालेले बँककर्ज भारतात राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास आहे. चीनमध्ये ते दीडपटीहून अधिक आहे.

कर्ज कोणाला मिळते?

पैसा उरला म्हणून तो गरजूकडे पोहोचतोच असे नाही. 1969 पूर्वी बँकांचे कर्ज प्रामुख्याने मोठ्या उद्योगांना आणि व्यापाऱ्यांना मिळे. शेतकऱ्याच्या वाट्याला अगदी थोडे येई. 19 जुलै 1969 रोजी 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुण्यात 1935 साली स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. पुढे नियम झाला की व्यापारी बँकांनी कर्जातला 40 टक्के भाग शेती, लघुउद्योग, शिक्षण, घरबांधणी अशा अग्रक्रम क्षेत्रांना द्यावा.

कर्ज बुडाले तर?

कर्जदाराने हप्ते थकवले तर नुकसान बँकेचे, आणि बँकेत पैसा आपला. मार्च 2018 मध्ये आपल्या बँकांची थकीत कर्जे एकूण कर्जांच्या 11 टक्क्यांवर गेली होती. त्यांत मोठ्या उद्योगांचा वाटा मोठा होता. सरकारी बँका सावरण्यासाठी ऑक्टोबर 2017 मध्ये 2.11 लाख कोटी रुपयांची योजना जाहीर करावी लागली. मार्च 2025 अखेर हे प्रमाण अडीच टक्क्यांखाली आले. त्यात वसुली आहे, तशीच बँकांनी हिशेबातून काढून टाकलेली कर्जेही आहेत. भरपूर कर्ज वाटणे सोपे. योग्य माणसाला देऊन ते परत मिळवणे, हीच खरी बँकिंगची कसोटी.

पालकांसाठी तीन गोष्टी

1. बँक बुडाली तर ठेव विम्यातून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंतच संरक्षण आहे (4 फेब्रुवारी 2020 पासून). सर्व बचत एकाच ठिकाणी ठेवताना याचा विचार करावा.

2. ओळखीखातर जामीन राहताना कागद वाचावा. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट जामीनदाराकडेही मागणी करू शकते.

3. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी कर्ज घेण्यात कमीपणा नाही. मात्र हप्ते केव्हा सुरू होतील आणि शिकत असताना व्याज किती चढेल, हे आधी विचारावे.

विचार करा

1. ठेव 500 रुपये असेल, तर 1991 च्या आणि नोव्हेंबर 2025 अखेरच्या प्रमाणांनुसार कर्जासाठी किती रुपये उरतील?
2. तुम्ही बँकेचे व्यवस्थापक आहात. एका अर्जदाराकडे तारण आहे पण धंद्याचा अनुभव नाही. दुसऱ्याकडे दहा वर्षांचा अनुभव आहे पण तारण नाही. कर्ज कोणाला द्याल आणि का? घरी चर्चा करून दहा ओळी लिहा.