खोकं अजून फोडू नकोस

कऱ्हाड, १४ जून

चि. नंदू,


काल रात्री वहिनींचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाल्या, नंदूने शिकवणीसाठी प्रिंटर मागवलाय, तीन हजारांत मिळाला. पुढचं माझ्या कानावरून गेलं. तीन हजारांत म्हणजे छोट्या कार्ट्रिजवालाच. खोकं फोडलंस का? नसशील फोडलं तर हे पत्र वाचून होईपर्यंत तरी फोडू नकोस. दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस, म्हणून लिहायला बसले.

वीस वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवलेल्या आत्याला एका शब्दानं विचारावंसं नाही वाटलं? नोकरी सोडलीस तेही आम्हाला महिन्यानं कळलं. पैशाचं पाऊल आधी टाकायचं आणि मग घरात सांगायचं, ही आपल्या घराण्याची जुनी खोड.

आता नीट ऐक. यंत्र स्वस्त देतात आणि पैसे शाईवर काढतात. त्या छोट्या कार्ट्रिजमध्ये जेमतेम शंभर-सव्वाशे पानांची शाई असते. यंत्राबरोबर येणारी तर पुष्कळदा त्याहून कमी भरलेली. नवी घ्यायला गेलास की काळ्या पानामागे पाच-सहा रुपये पडतात. तुझी पंचवीस मुलं, दर रविवारी चार पानांची चाचणी, म्हणजे महिन्याला चारशे पानं. गणित शिकवतोस ना? मग कर हिशेब. दर सव्वा-दीड महिन्याला एक नवा प्रिंटर विकत घेशील.

याउलट टाकीवाला प्रिंटर दहा-बारा हजारांना पडतो, पण त्याची पासष्ट मिलिलिटरची काळ्या शाईची बाटली तीन-चारशे रुपयांत मिळते आणि कंपनी तिच्यात साडेचार हजार पानं सांगते. हा आकडा पानाचा पाच टक्के भागच शाईनं भरलेला धरून काढलेला असतो. तुझ्या भूमितीच्या आकृत्यांना, विज्ञानाच्या चित्रांना जास्त लागेल. दुप्पट लागली तरी पान वीस पैशांच्या आत बसतं. वरचे सात ते नऊ हजार चार-पाच महिन्यांत वसूल होतात. रंग नकोच असतील तर काळा लेझरही बघ. त्यात पावडर असते, मे महिन्याच्या सुट्टीत सुकायची भीती नाही. आणि तोही परवडत नसेल तर एक मूळ प्रत छापून बाकीच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढ. त्यात कमीपणा काही नाही.

हे सगळं मी कुठे शिकले ते तुला कुणी सांगितलेलं नाही. २००२ साली मी दुकानात रंगीत प्रिंटर आणला. ‘प्रोजेक्टची कव्हरं रंगीत मिळतील’ अशी पाटी लावली. यंत्राचे चार हजार तुझ्या बाबांनी दिले, शाईचा विचार मी केलाच नाही. दुसऱ्या महिन्यापासून इंजेक्शनच्या सिरिंजनं शाई भरायला लागले. बोटं जांभळी व्हायची, पानावर पांढरे पट्टे यायचे. एका मुलाचं कव्हर शाळेत जाता जाता पावसात भिजलं आणि सगळा रंग खाली ओघळला. तो रडत परत आला. त्याचे पैसे परत केले, पण त्याचा चेहरा अजून आठवतो. दिवाळीला तीन आठवडे दुकान बंद ठेवून आले तर शाई सोडणारं हेड वाळून बसलेलं. यंत्र माळ्यावर गेलं. पुढच्या भाऊबीजेला दादानं विचारलं, कसं चाललंय तुझं मशीन? मी म्हटलं, छान चाललंय. त्यानंतरच्या वर्षीही तेच म्हटलं. त्याला कळलं असणार. त्यानं पैशांचा विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि मीही नाही. आता सांगायला तो नाही.

म्हणून म्हणते, खोकं फोडू नकोस. न फोडलेलं परत घेतात का ते विचारता तरी येईल.

टाकीवाला घेतलास तर थोडं जप. बंद करताना आधी यंत्राचं बटण दाब, मग बोर्डाचं. तसं केलं की हेड आपल्या झाकणावर जाऊन बसतं आणि वाळत नाही. आठवड्यात एक तरी रंगीत पान काढत जा. पट्टे दिसले म्हणून लगेच क्लीनिंग लावत सुटू नकोस, त्यात शाई नुसती वाया जाते. आधी नॉझल चेकचं पान काढून बघ. टाकीतली शाई खालच्या रेघेखाली जाऊ देऊ नकोस. स्वस्त म्हणून नाव नसलेली शाई भरू नकोस, ते माझं झालंय करून. घर बदलताना यंत्र आडवं केलंस तर शाई सांडते. कागदाची रिम उघडी ठेवू नकोस, तुमच्याकडच्या पावसात कागद सर्द होतो आणि अडकतो. आणि यंत्र माडीवर ठेव, नंदू. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तुझी पुस्तकं कशी फुगली होती, विसरला नसशील.

बरंच बोलले. वहिनी म्हणाल्या, रात्री एकपर्यंत जागून हातानं प्रश्नपत्रिका लिहितोस, म्हणूनच घाईनं मागवला. हे त्यांनी शेवटी सांगितलं, मी आधीच चिडून बसले होते. मुलांसाठी एवढं करतोस, तुझ्या बाबांना फार बरं वाटलं असतं. दादाही असाच कंदिलापाशी वही धरून बसायचा.

दादाचे ते चार हजार मी कधीपासून वेगळे काढून ठेवलेत. डब्यात आहेत. ते तुझेच आहेत, नाही म्हणू नकोस. टाकीवाला येईपर्यंत पुढच्या रविवारची चाचणी मला पाठव. इथे छापून शनिवारी सकाळच्या चिपळूणच्या एसटीनं मीच घेऊन येते. कुंभार्ली घाटात धुकं असेल, गाडीला उशीर झाला तर काळजी करू नकोस. येताना तुला आवडतात ते बेसनाचे लाडू आणते.

आणि फोन उचल रे. कुणी रागवत नाही.

तुझी,
आत्या