शिवणाच्या खोलीतले सामान



शिवणाच्या खोलीत सामान लावताना आधी भिंती पाहाव्यात, कपाटांचा विचार मग करावा. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो. त्यामुळे रत्नागिरीकडच्या घरांच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती झड खातात व आतून ओल धरतात. कापडाचे कपाट अशा भिंतीला कधीही लावू नये. घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत त्यासाठी सर्वांत चांगली. तिलाही कपाट चिकटवू नये; मागे चार बोटे आणि खाली वीतभर मोकळी जागा राहिली की हवा फिरते. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटाच्या पाठीला पावसाळ्यात आतून घाम फुटतो आणि नेमक्या तिथेच टेकलेल्या घडीवर बुरशीचे ठिपके उमटतात. ते ठिपके सुती कापडावरून बहुधा पूर्ण जात नाहीत.

हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की बुरशी धरते. कोकणातल्या जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्याही वर असते. म्हणून सामानाचे दोन भाग पाडावेत: हवा लागली पाहिजे असे आणि हवा लागताच कामा नये असे. सुती कापड, रेशीम, लोकर, विणलेल्या वस्तू पहिल्या भागात येतात. सुया, टाचण्या, हुक, कात्र्या, झटपट चिकटणारे गोंद दुसऱ्या भागात. पहिल्यांना कपाट आणि धुतलेल्या सुती कापडाची गुंडाळी हवी, दुसऱ्यांना घट्ट झाकणाचा डबा. बाजारात मिळणारे सुबक, एकसारखे प्लॅस्टिकचे खोके सरसकट सगळ्या सामानासाठी घेतले जातात. खोली त्याने देखणी दिसते, पण कापड आतल्या आत कोंदटते.

सिलिका जेलच्या पुड्यांबद्दलही असाच गैरसमज आहे. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढे पाणी शोषते आणि मग थांबते. रोज दहा वेळा उघडणाऱ्या कपाटात टाकलेली पुडी दोन दिवसांत निकामी होते. तीच पुडी सुयांच्या हवाबंद डब्यात महिनोन् महिने काम करते. निळे मणी ओलाव्याने गुलाबी होतात, पण त्यात कोबाल्टचे क्षार असतात. लहान मूल असलेल्या घरात ते घेऊ नयेत. नारिंगी मणी घ्यावेत. रंग बदललेले मणी मंद आचेवर, स्वयंपाकाला न वापरल्या जाणाऱ्या भांड्यात तापवले की पुन्हा कामाला येतात. सिलिका जेलऐवजी तांदळाची पुरचुंडी ठेवण्याची रीत मात्र सोडावी. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही आणि टोके मात्र हमखास बोलावतो.

कपाटातला क्रम हाताच्या सोयीने ठरतो. कंबरेपासून डोळ्यांपर्यंतच्या कप्प्यांत रोजचे सामान ठेवावे. खाली जड वस्तू ठेवाव्यात आणि वर वर्षातून एकदा लागणाऱ्या. मशीनवर बसून डावा-उजवा हात पोहोचेल एवढ्या अंतरात कात्री, टेप, खडू, टाचण्या आणि चालू रंगाची रिळे असावीत. उठावे लागले की लय तुटते, आणि शिवणात चुका होतात त्या पुष्कळदा अशा उठबशीनंतर.

कापड हा या खोलीतला सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित ऐवज. नवे सुती कापड कपाटात जाण्याआधी पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घ्यावे. आटायचे ते तेव्हाच आटते, सुटणारा रंग तेव्हाच सुटतो आणि गिरणीतली खळ निघून जाते. हे शेवटचे विशेष महत्त्वाचे, कारण खळ म्हणजे पीठ, आणि चंदेरी कसर पिठावर येते. आटलेले आणि न आटलेले कापड एकाच गठ्ठ्यात मिसळले, तर पुढे परकर बेताप्रमाणे होतो आणि त्याचे अस्तर पहिल्या धुण्यात दोन बोटे आखूड होते. म्हणून धुतलेल्या कापडाच्या एका कोपऱ्याला पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालून ठेवावा. चिठ्ठी हरवते, टाका हरवत नाही.

घड्या एकावर एक रचण्याऐवजी पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात. वीतभर रुंदीच्या पुठ्ठ्यावर कापड गुंडाळले की सगळ्या घड्या एकाच उंचीच्या होतात, आणि खालचे ओढताना वरचे सात विस्कटत नाहीत. पुठ्ठा आणि कापड यांच्यामध्ये धुतलेल्या जुन्या सुती साडीची एक पट्टी असावी, कारण साध्या पुठ्ठ्यातले आम्ल काही वर्षांत कापडाला पिवळी रेघ आणते. प्रत्येक घडीला लांबी आणि पन्हा लिहिलेली कापडी चिठ्ठी टाचावी. पन्हा लिहायचा कंटाळा केला जातो. पण ३६ इंच पन्ह्याचे दोन मीटर आणि ५८ इंच पन्ह्याचे दोन मीटर यांत एका झबल्या-टोपड्याचा फरक असतो. चिठ्ठी स्टेपल करू नये. त्या तारेचा गंज कापडात उतरतो आणि लोखंडाचा डाग साबणाने हलत नाही.

गोधडीसाठी जमवलेल्या चिंध्यांची निवड आधी धाग्याच्या जातीप्रमाणे आणि मग रंगाप्रमाणे करावी. सुती आणि पॉलिएस्टर एकाच गोधडीत आले की सुती भाग आटतो, दुसरा तसाच राहतो आणि गोधडीला फुगे येतात. ओळख पटत नसेल तर दोन-चार धागे चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, पाणी जवळ ठेवून पेटवावेत. सुताला जळत्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर यांना केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. मिश्र कापड दोन्ही लक्षणे दाखवते. ते गोधडीत न घालता पिशव्यांसाठी बाजूला काढावे. तळहातापेक्षा लहान तुकडे उशीत किंवा गादीच्या खोळीत भरावेत. त्यांच्यासाठी वेगळा डबा केला की तो डबा भरतच राहतो आणि उघडला कधीच जात नाही.

रेशीम, जर आणि लोकर यांच्याशी वागताना जास्त जपावे. खरी जर म्हणजे चांदीची तार, आणि चांदी काळी पडते ती गंधकाने. रबरात गंधक असते, लोकरीतूनही गंधकाची संयुगे सुटतात. त्यामुळे जरीच्या काठांचे तुकडे रबरबँडने बांधू नयेत आणि लोकरीच्या कप्प्यात ठेवू नयेत. पैठणीचा जुना पदर पुढे कशाला तरी लावायचा म्हणून राखून ठेवलेला असतो. तो मलमलीत, जर आतल्या बाजूला ठेवून, शक्यतो घडी न घालता नळीवर गुंडाळावा. घडी घालावीच लागली तर तीन-चार महिन्यांनी मोड बदलावी, नाहीतर रेशीम त्याच रेषेवर विरते.

कसर हा शब्द सरसकट वापरला जातो, पण त्यामागे वेगवेगळे किडे आहेत. चंदेरी, सरपटणारी कसर खळ, कागद आणि गोंद खाते. लोकर आणि रेशीम कुरतडते ती एका बारीक पतंगाची अळी. घरात उडणारा पतंग स्वतः काहीच खात नाही, मात्र तो दिसला की कपाटात अंडी घातलेली असण्याचा संभव धरावा. घामाचे किंवा तेलाचे डाग असलेली लोकर अळी आधी गाठते, म्हणून लोकर धुऊनच आत जावी. वेखंडाचे तुकडे किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे. मात्र तो वास किड्यांना दूर ठेवणारा आहे, आधीच शिरलेल्या अळीला मारणारा नव्हे. शंका आली तर लोकरीच्या गुंड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवाव्यात आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण कोमट होईपर्यंत उघडू नये. लवकर उघडली तर लोकरीवर दव धरते. डांबरगोळ्या, म्हणजे नॅफ्थलीन, या खोलीत नकोतच. त्यांची वाफ काही प्लॅस्टिकची बटणे आणि थर्मोकोल विरघळवते, आणि तो वास मुरलेल्या कापडाचे झबले तान्ह्या बाळाला घालणे धोक्याचे असते. ज्या बाळांच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाचे विकर कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात, आणि तशी कमतरता आहे हे बहुधा आधी कोणालाच ठाऊक नसते.

रिळांची फळी भिंतीवर टांगली की खोलीला शोभा येते. पण उजेडाने रंग उडतो, सुती दोरा कमजोर होतो, आणि उजेडाची ही झीज साठत जाते, भरून येत नाही. रिळे खणात उभी ठेवावीत, रंग वरून दिसला म्हणजे पुरे. रीळ आणि त्याच रंगाची बॉबिन एका तारेत ओवून जोडीने ठेवली की अर्धी भरलेली बॉबिन शोधत बसावे लागत नाही. जुन्या रिळाचा वीतभर दोरा दोन्ही हातांनी ताणून पाहावा. सहज तुटला तर कच्च्या टाक्यांपुरता वापरावा. भरतकामाच्या लडीवरची कागदी पट्टी कधीही फेकू नये. काळा रंग डीएमसी कंपनीच्या दोऱ्यात ३१० असतो आणि अँकरच्या दोऱ्यात ४०३. आकडा हरवला तर त्याच छटेची दुसरी लडी केवळ नजरेने जुळवावी लागते आणि नजर इथे फसते. लडी पुठ्ठ्याच्या चकतीवर गुंडाळायची असेल तर कंपनी आणि आकडा चकतीवर आधी लिहावा, मग गुंडाळावे.

सुयांच्या आकड्यांनी नवशिक्याचा गोंधळ होतो, कारण ते दोन उलट दिशांनी चालतात. मशीनच्या सुईत आकडा वाढला की सुई जाड होते: मलमलीला ११, नेहमीच्या सुती कापडाला १४, खादीच्या जाड कापडाला १६, गोधडीच्या थरांना १८. हातसुईत आकडा वाढला की सुई बारीक होते. १० नंबरची सुई नाजूक, १ नंबरची जाडजूड. काचेच्या बारीक मण्यांचेही तसेच, ११ नंबरचा मणी ८ नंबरच्या मण्यापेक्षा लहान असतो. म्हणून सुया त्यांच्या मूळ पाकिटातच राहाव्यात आणि हातसुया व मशीनच्या सुया वेगळ्या डब्यांत असाव्यात. घरगुती मशीनच्या सुईचा वरचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्यातल्या जलद मशीनच्या सुईचा गोल. स्वस्त मिळाल्या म्हणून आणलेल्या गोल दांड्याच्या सुया घरच्या मशीनला उपयोगाच्या नाहीत. वापरात असलेली सुई लोकरीच्या कापडात टोचून ठेवावी. स्पंजची गादी ओल धरते आणि सुईला गंज चढतो. मोडलेल्या सुयांसाठी औषधाची रिकामी, झाकणाची बाटली असावी. केराच्या टोपलीत सुई टाकली की ती केर उचलणाऱ्याच्या हातात जाते.

कापडाची कात्री कागदाला लावू नये हे सगळे सांगतात, कारण मात्र थोडेच सांगतात: कागदात चुना आणि मातीची बारीक पूड भरलेली असते आणि ती धार खाते. कापडाच्या कात्रीच्या मुठीला लाल दोरा बांधावा, म्हणजे घरातल्या इतरांनाही कळते. भरतकामाची रिंग काम थांबवताना सोडवून ठेवावी. महिनाभर आवळून राहिली तर कापडावर वळ उठतो आणि तिच्या स्क्रूचा गंज लागतो.

बटणे, टिकल्या आणि मणी काचेच्या बाटल्यांत ठेवावेत. एकाच जातीची बटणे दोऱ्यात ओवून मग बाटलीत टाकली तर सहाचा संच सहाचाच राहतो. इलॅस्टिक साठवू नये, लागेल तेवढेच आणावे, कारण त्यातले रबर पडून पडून मरते. पांढऱ्या गोंदाच्या आणि कापडावरच्या रंगांच्या बाटल्या तोंड पुसून, घट्ट लावून, उन्हापासून दूर ठेवल्या की झाले. झटपट चिकटणारा गोंद हवेतल्या दमटपणानेच घट्ट होतो. त्याची जागा सिलिका जेलच्या डब्यात.

अर्धवट राहिलेल्या कामांची व्यवस्था लागली नाही तर बाकीची सगळी मांडणी फुकट जाते. प्रत्येक कामाला एक सुती पिशवी द्यावी आणि त्या कामाचे सगळे त्यात घालावे: बेतलेले कापड, खाकी कागदावरचे माप, दोरा, बटणे, त्याच जाडीची सुई. वर एक चिठ्ठी असावी, काम कुठे थांबले आणि पुढचा टाका कोणता ते लिहिलेली. हे लिहायला दोन मिनिटे लागतात. न लिहिलेले काम वर्षाने उघडले की अख्खी दुपार जाते आणि पुष्कळदा ते तसेच बंद होते. खुंटीवर अशा पाचांहून जास्त पिशव्या लटकू लागल्या तर नवे कापड आणणे थांबवावे.

नोंदींसाठी एक वही पुरते. प्रत्येक कापडाचा बोटभर तुकडा डकवून शेजारी लांबी, पन्हा, धुतले की नाही आणि कशासाठी घेतले हे लिहावे. दोरा किंवा अस्तर जुळवायला जाताना हीच वही दुकानात न्यावी आणि रंग दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात पाहावा. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात अनेकदा वेगळे निघतात.

वर्षातून दोनदा सगळे कपाट रिकामे करावे. एकदा वैशाखात, पापड-कुरडयांच्या दिवसांत, कडक ऊन असताना: सुती कापडाला ऊन, रेशमाला आणि रंगीत लोकरीला फक्त सावलीतला वारा, आणि पिशव्यांत बंद करायचे ते याच दिवसांत. पावसाळ्यात हवाबंद केलेली पिशवी ओलसुद्धा बंद करून ठेवते. दुसऱ्यांदा पाऊस ओसरल्यावर, नवरात्रात. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, त्याआधी मशीनचे दात आणि बॉबिनची जागा ब्रशने झाडून कापसाचा भुगा काढावा, तेलाच्या छिद्रांत एकेक थेंब तेल सोडावे आणि कात्र्यांच्या खिळ्यालाही एक थेंब द्यावा. नंतर मशीन चिंधीवर दोन-तीन मिनिटे चालवावे, म्हणजे जास्तीचे तेल त्या चिंधीत उतरते आणि पुढच्या कापडाला लागत नाही.

— मावशी