आवर्तसारणीतील रिकाम्या जागा

विज्ञानाच्या वर्गात टांगलेल्या आवर्तसारणीकडे पाहिले की, ११८ मूलद्रव्यांची ती मांडणी प्रथमपासूनच अशी पूर्ण होती, असा आपला समज होतो. वस्तुतः तिचे सामर्थ्य प्रथम सिद्ध झाले, ते तिच्यातील रिकाम्या जागांमुळे.

मूलद्रव्यांत काही क्रम असावा, हा विचार जुना आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबेरायनर यांनी १८२९ मध्ये समान गुणधर्मांच्या मूलद्रव्यांची त्रिके मांडली. लिथियमचे अणुवस्तुमान सुमारे ७, पोटॅशियमचे सुमारे ३९. दोहोंची सरासरी २३, आणि सोडियमचे अणुवस्तुमानही सुमारे २३! परंतु सर्व मूलद्रव्यांना हा नियम लागू पडेना.

१८६९ मध्ये रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी तेव्हा ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये वाढत्या अणुवस्तुमानानुसार मांडली. ठरावीक अंतराने समान गुणधर्मांची पुनरावृत्ती होते, असे त्यांना आढळले. जेथे योग्य गुणधर्मांचे मूलद्रव्य मिळेना, तेथे त्यांनी दुसरे ओढूनताणून बसवले नाही; जागा रिकामी ठेवली. ॲल्युमिनिअमखालच्या अज्ञात मूलद्रव्याला त्यांनी संस्कृत ‘एक’ या शब्दावरून ‘एका-ॲल्युमिनिअम’ असे नाव दिले आणि त्याची घनता पाण्याच्या सुमारे ५.९ पट असेल, असे भाकीत केले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलिअम सापडले. परंतु त्याची घनता ४.७ पट भरली. नमुना शुद्ध नसावा, असे मेंडेलीव्ह यांनी सुचवले. धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजला, तेव्हा उत्तर ५.९ आले. पुढे १८७९ मध्ये स्कँडिअम आणि १८८६ मध्ये जर्मेनिअम सापडून आणखी दोन जागा भरल्या.

तथापि एक कोडे उरलेच. टेल्युरिअमचे अणुवस्तुमान १२७.६, तर आयोडिनचे १२६.९. वस्तुमान पाहिले तर आयोडिन आधी यावयास हवे. गुणधर्म पाहिले तर ते क्लोरिन व ब्रोमिन यांच्या गणात, म्हणजे टेल्युरिअमनंतर शोभते. मेंडेलीव्ह यांनी गुणधर्मांना प्राधान्य दिले आणि टेल्युरिअमचे मोजमाप चुकले असावे, असे मानले. मोजमाप चुकलेले नव्हते. मात्र त्यांनी दिलेले स्थान अचूक होते. त्याचे कारण १९१३ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री मोझली यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून उलगडले. मूलद्रव्याचा खरा क्रमांक त्याच्या अणुकेंद्रकावरील धनप्रभारावरून ठरतो. त्यालाच आपण अणुअंक म्हणतो. टेल्युरिअमचा अणुअंक ५२, आयोडिनचा ५३.

गुणधर्मांची पुनरावृत्ती का होते, हे इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवरून समजते. सोडियमचा अणुअंक ११, संरूपण २, ८, १. कवचे तीन, म्हणून आवर्त तिसरे. बाह्यतम कवचात एक इलेक्ट्रॉन, म्हणून गण पहिला. पोटॅशियमचे संरूपण २, ८, ८, १. कवच एकाने वाढले, पण बाहेरचा इलेक्ट्रॉन एकच राहिला. म्हणूनच हे दोन्ही धातू पाण्याशी जोमाने अभिक्रिया करतात.

विद्यार्थ्यांनी सारणी केवळ पाठ करू नये. क्लोरिनचा अणुअंक १७ एवढेच लक्षात ठेवून त्याचे संरूपण लिहावे, आवर्त शोधावे, गुणधर्मांचा अंदाज बांधावा आणि मगच पुस्तक उघडून तो पडताळून पाहावा. मेंडेलीव्ह यांच्या अभ्यासाची रीत याहून फारशी निराळी नव्हती.