मत्स्यालयाची ठिबक गाळणी

पावसाळ्यात डहाणूच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात हिंडणाऱ्या मुलांना एक अनुभव हमखास येतो. महालक्ष्मीच्या डोंगराकडे जाताना किंवा सूर्या नदीच्या काठी उथळ प्रवाहातील दगडावर पाऊल ठेवावे, तो ते सर्रकन निसटते. दगडावर बुळबुळीत थर असतो. ‘शेवाळ फार झाले आहे’ असे म्हणून आपण ओले कपडे झटकतो आणि पुढे चालू लागतो. परंतु त्या थरात केवळ शेवाळ नसते. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीवाणू त्यात वस्ती करून असतात, आणि दगडांवरून वाहणारे पाणी निर्मळ राखण्याचे बरेचसे श्रेय त्यांच्याकडे जाते. हेच जीवाणू घरातील किंवा शाळेतील मत्स्यालयात कामाला कसे लावता येतात, ते या पाठात पाहावयाचे आहे.

समजा, डहाणू रोड स्थानकाजवळील एका शाळेला काचेची एक मोठी टाकी भेट मिळाली. लांबी १८० सेंटिमीटर, रुंदी ६० आणि पाण्याची उंचीही ६० सेंटिमीटर. मुलांनी लगेच गुणाकार केला. टाकीत ६४८ लिटर पाणी मावणार होते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ६४८ किलोग्रॅम, दहा धट्ट्याकट्ट्या माणसांइतके! टाकी भक्कम लोखंडी चौकटीवर बसवली गेली. जून महिना सरता सरता तीत तीस सोनमासे सोडण्यात आले. मधल्या सुट्टीत टाकीपुढे जागा मिळणे कठीण झाले. येणारा प्रत्येक जण माशांना चिमूटभर खाद्य घालू लागला.

आठवडा झाला नाही तोच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले. पंधरा दिवसांत बारा मासे मेले. पाणी तर आरशासारखे स्वच्छ दिसत होते. मुलांना वाटले, टाकी नीट धुतली नसावी. त्यांनी शिपाईमामांना मदतीला घेऊन सारे पाणी उपसले, तळाची वाळू नळाखाली खळखळून धुतली, काचा घासल्या आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरली. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी सात मासे मेले.

“गुरुजी, आम्ही इतकी स्वच्छता केली, तरी मासे का मरतात?” एका मुलीने रडवेल्या स्वरात विचारले.

“तुम्ही स्वच्छता केलीत, बाळ, पण स्वच्छता करणाऱ्यांनाच धुऊन टाकलेत,” गुरुजी म्हणाले. उरलेले अकरा मासे त्यांनी आवारातील मोठ्या हौदात हलवले आणि मुलांना समोर बसवून सारा प्रकार उलगडून सांगितला.

मासा कल्ल्यांवाटे व मलावाटे जे टाकाऊ द्रव्य बाहेर टाकतो, त्यात अमोनिया प्रमुख असतो. टाकीत पडून राहिलेले खाद्य कुजले, की त्यातूनही तोच निर्माण होतो. अमोनियाला रंग नाही; म्हणून पाणी स्वच्छ दिसते आणि तरीही माशांचे कल्ले भाजून निघतात. पाणी जितके अल्कधर्मी, तितका तो अधिक घातक. नदीत किंवा तळ्यात एका माशाच्या वाट्याला अफाट पाणी असते. शिवाय तेथे जीवाणूंची वस्ती जुनी असते. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती ते हिरावून घेते. मग दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोड्या प्रमाणात माशांना बाधत नाही. झाडांना तर ते खतच होय. नव्या टाकीत ही वस्ती नसते. जी थोडीफार वाळूत रुजू लागली होती, ती मुलांनी क्लोरीन मिसळलेल्या नळाच्या पाण्याने नाहीशी केली होती.

हे सजीवांचे कार्य आहे, हे माणसाला फार उशिरा कळले. जुन्या गोठ्यांच्या भिंतींवर पांढरा लोणा फुलतो. तशाच मातीतून भारतात सोरा काढीत आणि तो बंदुकीच्या दारूसाठी परदेशी जात असे. पण मातीत सोरा तयार होतो कसा? ही केवळ रासायनिक क्रिया आहे, असेच पुष्कळांचे मत होते. १८७७ साली फ्रान्समधील श्लोसिंग आणि म्युंत्झ या शास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू व चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी थेंब थेंब सोडण्यास प्रारंभ केला. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही; अमोनिया जसाच्या तसा खाली उतरत राहिला. ही क्रिया केवळ रासायनिक असती, तर तिने वीस दिवस वाट का पाहावी? त्यानंतर मात्र खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. पुढे त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. सजीवांना गुंगी आणणारी ती वाफ लागताच क्रिया थांबली. नळीत कोणीतरी जिवंत कामकरी होते, याविषयी शंका उरली नाही. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जीवाणू वेगळे करून दाखवले. त्याच सुमारास इंग्लंड-अमेरिकेत शहरांचे सांडपाणी दगडांच्या राशींवरून ठिबकवत शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू झाले. ही कथा तेथेही संपली नाही. अमोनियाचे थेट नायट्रेट एकटाच करणारा जीवाणू असतो, हे २०१५ साली सिद्ध झाले. आणि त्या शोधासाठी नेदरलँड्समधील संशोधकांनी नमुना घेतला होता तो मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या एका ठिबक गाळणीतून!

पाणी ठिबकवायचे कशासाठी? जीवाणूंना टाकीच्या तळाशी बुडवून ठेवले तर चालणार नाही काय? चालते, परंतु त्यांना प्राणवायू विपुल लागतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत एक लिटर पाण्यात साडेसात ते आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो, तर एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम, म्हणजे पस्तीस पटीहून किंचित कमी असतो. पाण्याचा पातळ पापुद्रा एखाद्या पृष्ठभागावरून ओघळत असला आणि भोवती हवा खेळती असली, म्हणजे जीवाणूंना पाण्यातून अन्न आणि हवेतून प्राणवायू एकाच वेळी मिळतो. ओहोळातील दगडांवर हेच घडते.

दुसरी गोष्ट पृष्ठफळाची. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १ सेंटिमीटर बाजूचे एक हजार तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस सेंटिमीटर होते. तेवढ्याच जागेत जीवाणूंना दहापट घरे मिळतात. मुलांना प्रथम खडी वापरावीशी वाटली. काळ्या पाषाणाची खडी डहाणूत हवी तेवढी मिळते. पण ४० लिटर खडीचे वजन ६० किलोग्रॅमच्या घरात जाते, आणि गाळणी तर टाकीच्याही वर उभारावयाची होती. अखेरीस बाजारातून भांडी घासण्याच्या प्लॅस्टिकच्या घासण्या आणल्या गेल्या. वजनाला हलक्या, जाळीदार आणि न कुजणाऱ्या. तारेच्या घासण्या मात्र आणल्या नाहीत. धातू पाण्यात उतरला, तर माशांना अपाय होतो. साबण लावलेली घासणीही चालत नाही.

आता गाळणीची रचना. प्रत्येकी सुमारे २० लिटरचे तीन नवे टब घेतले. रंगाचे जुने डबे फुकट मिळत होते, परंतु त्यांत राहिलेला रंग पाण्यात उतरण्याची भीती असते. तिन्ही टबांच्या बुडांना सुमारे तीन तीन सेंटिमीटरच्या अंतराने ५ मिलिमीटरची भोके गुरुजींनी स्वतः गिरमिटाने पाडली. कडेला हवेसाठी मोठी भोके ठेवली. टाकीच्या चौकटीलाच लोहाराकडून उभे पाय जोडून घेतले आणि एकावर एक असे टब त्यांवर बसवले. काचेच्या कडेवर गाळणीचा भार मुळीच येऊ दिला नाही. सर्वांत वरच्या टबात कृत्रिम कापसाचा थर अंथरला. डोळ्यांना दिसणारी घाण तेथेच अडते. खालच्या दोन टबांत घासण्या सैल भरल्या. तळाच्या टबात समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले मूठभर शिंपले गोड्या पाण्यात धुऊन ठेवले. अमोनियाचे नायट्रेट होताना पाणी हळूहळू आम्ल होत जाते आणि आम्ल पाण्यात जीवाणू मंदावतात. शिंपल्यांतील चुना तो तोल सांभाळतो. मूठभर मात्र मूठभरच. फार चुना झाला, की पाणी नको तितके कठीण होते.

टाकीतील पाणी छोट्या विजेच्या पंपाने वरच्या टबात चढते आणि तिन्ही टबांतून ठिबकत पुन्हा टाकीत पडते. या मांडणीचा एक गुण असा, की वीज गेली तरी पाणी खालच्या टाकीतच उतरते; जमिनीवर सांडत नाही. धोका निराळाच आहे. कापूस घाणीने तुंबला, तर वरचा टब भरून वाहू लागतो. म्हणून त्याला टाकीच्या बाजूस एक खाच पाडली, म्हणजे वाहिलेले पाणीही टाकीतच पडेल. तरीही नळी निसटली तर? तेव्हा पंप तळाशी न ठेवता पृष्ठभागापासून १५ सेंटिमीटर खाली टांगला. मग कितीही वाईट घडले, तरी १६२ लिटरच पाणी जाईल आणि मासे कोरडे पडणार नाहीत. पंपाची तार बटणाकडे जाण्यापूर्वी खाली लोंबती ठेवली, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब बटणात न शिरता खालीच गळून पडतो. टाकीत हात घालण्यापूर्वी बटण बंद करावयाचे, हा नियम गुरुजींनी सर्वांकडून तीनदा म्हणवून घेतला.

पंपाच्या पेटीवर ताशी २,५०० लिटर असे छापलेले होते. मुलांनी नळीचे तोंड टबाच्या उंचीवर धरून २० लिटरची बादली भरून पाहिली. ती ४५ सेकंदांत भरली. म्हणजे ताशी १,६०० लिटरच. उंचीवर पाणी चढवण्यात पंपाची शक्ती खर्ची पडते. तथापि टाकीतील सारे पाणी तासाला सुमारे अडीच वेळा गाळणीतून फिरत होते. तेवढे पुरेसे होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाळणी सुरू झाली. मासे हौदातच होते. टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकले जाई, जेणेकरून ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळावा. एका मुलाने ओहोळातील दोन बुळबुळीत दगड ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. ते मधल्या टबात विरजणासारखे ठेवले. दर चार दिवसांनी मुले काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकीत. अमोनिया असला तर पाणी हिरवे होते, नसला तर पिवळे राहते. पहिले पंधरा दिवस हिरवा रंग गडद होत गेला. मुलांचा धीर सुटू लागला. ‘मासे सोडून पाहू या’ असे दोघातिघांनी सुचवलेही. पण वीस दिवसांची ती फ्रेंच नळी आठवून बाकीच्यांनी त्यांना थोपवले. तिसऱ्या आठवड्यात हिरवा रंग फिका झाला, तो नायट्राइट वाढले. तेही ओसरण्यास आणखी तीन आठवडे गेले. गणपती येऊन गेले. घासण्यांवर तपकिरी थर चढला होता. सप्टेंबरच्या उत्तरार्धात अकरा मासे टाकीत परतले, आणि खाद्य घालण्याचे काम एकाच मुलीकडे सोपवण्यात आले.

गाळणी झाली म्हणून काम संपले, असे मात्र नव्हे. नायट्रेट पाण्यात साठतच जाते. म्हणून दर शनिवारी एक चतुर्थांश पाणी काढून आवारातील चिकूच्या झाडांना घातले जाते आणि दोन दिवस उघड्या पिंपांत ठेवलेले नवे पाणी टाकीत भरले जाते. क्लोरीन तोवर उडून गेलेला असतो. कापूस आठवड्याला बदलतात. घासण्या क्वचितच धुतात, आणि त्याही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. ठिबकणारे पाणी माठातल्या पाण्याप्रमाणे उडून जाते व किंचित थंडही होते, त्यामुळे रोज पातळी पाहून भर घालावी लागते.

ऑक्टोबरच्या प्रारंभी परतीच्या पावसाने एका रात्री डहाणूला झोडपले. रात्री दहाला गेलेली वीज पहाटे सहापर्यंत आली नाही. बंद डब्याच्या गाळणीत इतका वेळ पाणी कोंडून राहिले, की आतला प्राणवायू संपतो, जीवाणू मरू लागतात आणि पंप सुरू होताच ते कुजके पाणी टाकीत येते. मुले शाळा भरण्यापूर्वीच धावत आली. टबांतील घासण्या ओल्या होत्या. दमट हवेत त्या वाळल्या नव्हत्या. पंप पुन्हा चालू होता. एका मुलीने नळीत पाणी घेऊन थेंब टाकले आणि सगळे तिच्याभोवती श्वास रोखून उभे राहिले. पाच मिनिटे झाली. पाणी पिवळेच राहिले. टाकीत अकरा सोनमासे काचेशी येऊन खाद्याची वाट पाहत होते.