कावेरीचा कुबडा महाशीर

बंगळूरच्या इंदिरानगरात घरोघरी नळास येणारे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, कावेरीतून उचलून आणलेले असते. त्याच नदीच्या खोल डोहांत ‘कुबडा महाशीर’ हा प्रचंड मासा राहतो. १९४६ साली कबिनी या उपनदीत गळास लागलेला महाशीर १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरला होता. एवढा नामांकित मासा दुर्लक्षित कसा, असे वाचकांस वाटेल. दुर्लक्ष झाले ते त्याच्या जातीकडे. लोकांच्या लेखी महाशीर म्हणजे महाशीर!

पुण्याच्या मुळा-मुठेतील महाशीराचे वर्णन साइक्स यांनी १८३९ साली केले. हा ‘टॉर खुद्री’ होय. याचे पर निळसर असतात. पुढे महाशीर घटू लागले, तेव्हा १९७० नंतरच्या काळात टाटा वीज कंपनीच्या लोणावळा येथील केंद्रात खुद्रीची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. त्याची बोटुकली दूरदूरच्या नद्यांत, कावेरीतही, सोडण्यात आली. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु कावेरीचा नारिंगी परांचा कुबडा हा निराळाच मासा होता.

कावेरीकाठी मासा गळाने धरून, तोलून, पुन्हा पाण्यात सोडण्याची पद्धत होती. तेथील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी संशोधकांनी तपासल्या व २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निळ्या परांचे मासे वाढत गेले होते. कुबडे कमी कमी मिळत होते. मात्र त्यांचे सरासरी वजन वाढले होते. वरवर पाहता हे शुभलक्षण वाटेल. वस्तुतः त्याचा अर्थ असा की, जुने मासे तेवढे मोठे होत होते आणि त्यांच्या मागे नवी पिढी येत नव्हती. ज्या गावात केवळ वृद्धच उरले आहेत, त्या गावासारखी ही स्थिती होय.

केरळातील पांबार या कावेरीच्याच एका उपनदीतून २००७ साली वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ तोच हा कुबडा, हे २०१८ साली ठरले. त्याच वर्षी त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ जातींत झाली. नावच निश्चित नसल्यामुळे तोवर त्या यादीत त्यास स्थान मिळणे शक्य नव्हते.

आता उपाय. कावेरीच्या खोऱ्यात खुद्रीची बोटुकली सोडणे थांबविणे हा पहिला, आणि आमच्या मते सर्वांत स्वस्त. महाशीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून वाळू-गोट्यांच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतो. बंधाऱ्यांनी ती वाट अडवता कामा नये. सुरुंग लावून केलेल्या मासेमारीत लहानथोर सर्वच मरतात. ती बंद व्हावयास हवी. मोयार नदीत हा मासा अद्याप आढळतो. तेथे खुद्री पोहोचू न देणे, हे काम सर्वांआधीचे आहे.